ख्रिस्ती धर्म आणि समलैंगिकता

समान लिंगाच्या व्यक्तींमधील कामसंबंध व आकर्षण यांविषयी ख्रिस्ती धर्मात वेळोवेळी घेतल्या गेलेल्या भूमिका आणि त्यांच्या समर्थनार्थ बायबलमधील वचनांचा लावला गेलेला अर्थ, हा प्रस्तुत नोंदीचा विषय होय. ‘समलैंगिकता’ ही संज्ञा मराठीत अलीकडची आहे. ज्या यूरोपीय शब्दाचा हा प्रतिशब्द, तो शब्दही जुना नाही. कार्ल मारिया केर्टबेनी या हंगेरियन लेखकाने तो १८६९ मध्ये प्रथम छापील स्वरूपात वापरला. बायबलच्या हिब्रू व ग्रीक मूळ पाठांत व्यक्तीच्या स्थायी प्रवृत्तीचा वाचक असा शब्द आढळत नाही. त्यांत विशिष्ट कृत्यांचा निर्देश आहे. प्राचीन पाठ कृत्याविषयी बोलतो आणि आधुनिक वाचक व्यक्तीविषयी विचारतो. या विषयावरील बहुतेक वादाचे मूळ या अंतरात आहे.

महाराष्ट्र व गोवा या प्रदेशांपुरते पाहिले, तर हा प्रश्न तीन वाटांनी येथे आला : पोर्तुगीजांचे इन्क्विझिशन, इंग्रजांचा फौजदारी कायदा आणि मराठीत भाषांतरित झालेले बायबल. पहिली वाट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंद झाली, दुसरी २०१८ मध्ये बव्हंशी बंद झाली. तिसरी अजून वाहती आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. कारण दर रविवारी उपासनेसाठी जमणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर इन्क्विझिशनचा निवाडा किंवा दंडसंहितेचे कलम पडत नाही, पवित्र शास्त्रातील वचन पडते.

बायबलमधील वचने : या विषयाशी जोडली जाणारी वचने मोजकी आहेत. जुन्या करारात उत्पत्तीच्या एकोणिसाव्या अध्यायातील सदोम नगराची कथा व लेवीय या ग्रंथातील दोन निषेध (१८·२२ आणि २०·१३). नव्या करारात पौलाचे रोमकरांस पत्र (१·२६–२७), करिंथकरांस पहिले पत्र (६·९–१०) आणि तीमथ्याला पहिले पत्र (१·१०). यहूदाच्या पत्रातील सातव्या ओवीचाही कधीकधी आधार घेतात. चारही शुभवर्तमानांत येशूने या विषयावर काही सांगितल्याची नोंद नाही. त्याच्या मौनाचा अर्थ मात्र दोन्ही बाजूंनी लावला जातो. एक पक्ष म्हणतो, की यहुदी समाजात हा निषेध सर्वमान्य असल्याने येशूला तो पुन्हा सांगण्याचे कारण नव्हते. दुसरा म्हणतो, की ज्याविषयी प्रभू बोलला नाही त्याला धर्माच्या केंद्रस्थानी आणू नये. मौनावर इतका भार टाकणे दोन्ही पक्षांना झेपणारे नाही.

सदोमच्या कथेत दोन देवदूत पांथस्थांच्या रूपाने नगरात येतात, लोट त्यांना आपल्या घरी आसरा देतो आणि गावातील पुरुष घराला वेढा घालून पाहुण्यांना बाहेर काढण्याची मागणी करतात. मूळ हिब्रू क्रियापदाचा वाच्यार्थ ‘जाणणे’ असा असला, तरी संदर्भाने येथे संभोगाचा अर्थ बहुतेक अभ्यासक मान्य करतात. तथापि जो घडू पाहतो तो बलात्कार आहे आणि तोही घरी आलेल्या पाहुण्यांवर. शास्ते या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात जवळजवळ अशीच कथा येते. तेथे अत्याचार एका स्त्रीवर होतो व तिचा अंत होतो. परंतु त्या कथेवरून स्त्रीपुरुषसंबंधच निषिद्ध ठरविण्याचे कोणाच्या मनात आले नाही. बायबलमधील उत्तरकालीन ग्रंथकारांनी सदोमचे पाप कोणते मानले, हेही पाहण्यासारखे आहे. यहेज्केल संदेष्टा (१६·४९) ते गर्व, अन्नाची सुबत्ता आणि गोरगरिबांविषयीची अनास्था यांत पाहतो, जरी पुढच्याच ओवीत तो अमंगळ कृत्यांचाही उल्लेख करतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचे स्वागत न करणाऱ्या गावांच्या संदर्भात सदोमचे नाव घेतो. सदोमच्या पापाचा पुरुषसंबंधांशी ठळक सांधा अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फायलो याने इ. स. पहिल्या शतकात जुळविला आणि चर्चच्या आचार्यांनी तो पुढे नेला. यूरोपीय भाषांत या कृत्याला सदोमवरून नाव पडले, ते या परंपरेतून. एकदा नावच रूढ झाल्यावर कथेचा दुसरा अर्थ लावणे कठीण होऊन बसले.

लेवीय ग्रंथातील निषेध शब्दशः स्पष्ट आहे आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला मृत्यूची शिक्षाही सांगितली आहे. हे नियम ग्रंथाच्या १७ ते २६ या अध्यायांच्या ‘पावित्र्यसंहिता’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात येतात. इस्राएलाने आसपासच्या लोकांपासून वेगळे राहावे, हा या संहितेचा हेतू होय. तीतच दोन जातींच्या सुतांचे वस्त्र वापरू नये, शेतात दोन प्रकारचे बी मिसळून पेरू नये, हे नियम येतात आणि त्यांचे पालन ख्रिस्ती लोक करीत नाहीत. या विसंगतीचा खुलासा करण्यासाठी टॉमस अक्वायनस व पुढे प्रॉटेस्टंट धर्मसुधारकांनी मोशेच्या नियमशास्त्राचे नैतिक, उपासनाविषयक आणि न्यायविषयक असे तीन भाग कल्पिले व त्यांपैकी नैतिक तेवढे कायम बंधनकारक मानले. विभागणी सोयीची आहे, परंतु खुद्द लेवीय ग्रंथात ती कोठेही दर्शविलेली नाही. कोणता नियम कोणत्या भागात घालावयाचा, हे वाचकाला बाहेरून ठरवावे लागते. परंपरावादी अभ्यासकांचे यावरचे उत्तर विचारार्ह आहे : अठराव्या अध्यायात निकटच्या आप्तांशी व पशूंशी संबंध निषिद्ध केले आहेत आणि ते निषेध ख्रिस्ती धर्माने कधीच सोडले नाहीत, मग त्यांच्या मधोमध असलेला एकच का सोडावा?

नव्या करारातील सर्वांत विस्तृत विधान रोमकरांस पत्रात आहे. मूर्तिपूजेत गुरफटलेल्या मानवजातीचे चित्र रेखाटताना पौल पुरुषांच्या परस्परसंबंधांचा आणि स्त्रियांनी नैसर्गिक उपभोग सोडल्याचा उल्लेख करतो. स्त्रियांविषयी बायबलमध्ये आलेला हा एकमेव उल्लेख होय. पौलाने वापरलेला ‘निसर्गाविरुद्ध’ या अर्थाचा ग्रीक शब्दप्रयोग पुढे धर्मशास्त्रात व कायद्यात फार दूरवर गेला. परंतु त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात हाच शब्दप्रयोग देवाच्या कृतीसाठी आला आहे : रानटी जैतुनाची फांदी चांगल्या जैतुनाला जोडणे, म्हणजे विदेश्यांना आपल्या प्रजेत सामावून घेणे, हे देवाने निसर्गाविरुद्ध केले. करिंथकरांस लिहिताना पौल म्हणतो, की पुरुषाने केस लांब ठेवणे हा त्याचा अपमान आहे, असे निसर्गच शिकवितो. तेव्हा पौलाच्या लेखी निसर्ग म्हणजे सृष्टीचा अढळ नियम, की रूढ रीत, हा प्रश्न राहतो. आणखी एक गोष्ट प्रवचनांत बहुधा सुटते. पहिल्या अध्यायातील दोषांची यादी वाचून वाचक मान डोलावू लागतो न लागतो, तोच दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत पौल दुसऱ्याचा न्याय करणाऱ्या त्या वाचकाकडे वळतो आणि त्यालाही निरुत्तर करतो. पहिला अध्याय त्या वळणापाशी थांबवून वाचणे म्हणजे पौलाचा युक्तिवाद अर्ध्यावर तोडणे होय.

उरलेली दोन वचने याद्यांच्या स्वरूपाची आहेत आणि तेथे सारा प्रश्न दोन ग्रीक शब्दांचा आहे. पहिला ‘मलाकॉय’, त्याचा मूळ अर्थ ‘मऊ’ असा असून तो तलम वस्त्रांसाठी, चैनी किंवा दुबळ्या माणसासाठी आणि संभोगात स्त्रीची भूमिका घेणाऱ्या पुरुषासाठीही वापरलेला आढळतो. दुसरा ‘आर्सेनोकॉइताय’, हा ‘नर’ आणि ‘शय्या’ या दोन शब्दांचा समास असून पौलापूर्वीच्या उपलब्ध ग्रीक वाङ्मयात तो मिळत नाही. लेवीय ग्रंथाच्या ग्रीक भाषांतरात हे दोन्ही शब्द शेजारी येतात, म्हणून पौलाने तेथूनच हा समास घडविला असावा, हे मत सबळ आहे. उलट पक्षी, तीमथ्याच्या पत्रात या शब्दाला लागूनच माणसे पळवून विकणाऱ्यांचा उल्लेख येतो. त्यावरून मुलांचा व गुलामांचा कामव्यापार येथे अभिप्रेत असावा, असे काही अभ्यासक सुचवितात. इंग्रजी भाषांतरांचा इतिहास या अनिश्चिततेची साक्ष देतो. १९४६ च्या सुधारित प्रमाण आवृत्तीने करिंथकरांच्या पत्रातील दोन्ही शब्दांसाठी मिळून ‘समलिंगी’ या अर्थाचा एकच आधुनिक शब्द घातला, १९७१ मध्ये तो काढून ‘लैंगिक विकृत’ या अर्थाचा शब्द आणला आणि १९८९ च्या नव्या आवृत्तीत दोन शब्दांना दोन वेगळे प्रतिशब्द दिले. पंचवीस वर्षे इंग्रजी वाचकाने जो शब्द पौलाचा म्हणून वाचला, तो प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकात घडलेला होता.

मराठी भाषांतरे : मराठी ख्रिस्ती समाजाला बायबलमधील कथा प्रथम फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणासारख्या ग्रंथांतून (१६१६) परिचित झाल्या; नियमशास्त्राचा व पत्रांचा शब्दशः पाठ त्यांना पुष्कळ उशिरा मिळाला. सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी मराठी नवा करार १८११ मध्ये मोडी लिपीत छापला. मुंबईच्या अमेरिकन मिशनचा नवा करार १८२६ मध्ये निघाला आणि संपूर्ण बायबल १८४७ मध्ये मराठीत उपलब्ध झाले. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) केडगाव येथील मुक्तिसदनात हिब्रू व ग्रीक शिकून स्वतंत्र भाषांतर सिद्ध केले; ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांचे सुबोध बायबल २०१० मध्ये निघाले. प्रचलित मराठी बायबलात करिंथकरांच्या पत्रातील या शब्दांचा उलगडा संभोगातील देणाऱ्या-घेणाऱ्याच्या भूमिकांचे वर्णन करून केला आहे. तीमथ्याच्या पत्रात मात्र त्यांपैकी दुसऱ्या शब्दासाठी ‘पुंमैथुनी’ हा संस्कृत वळणाचा शब्द योजिला आहे. एकाच ग्रीक शब्दाची ही दोन रूपे शेजारी ठेवली, म्हणजे भाषांतरकाराच्या हातून निवाडा कसा घडतो ते ध्यानात येते. मराठी भाषांतराचा एक गुण मात्र सांगितला पाहिजे. त्याने कृत्याचे नाव कृत्यालाच दिले. प्रवृत्तीचा आधुनिक शब्द पौलाच्या तोंडी घातला नाही. या बाबतीत मराठी पाठ १९४६ च्या इंग्रजी पाठापेक्षा मुळाशी अधिक प्रामाणिक आहे. तोटा एवढाच, की ‘पुंमैथुनी’ हा शब्द सामान्य श्रोत्याला कळत नाही आणि त्याचा अर्थ सांगण्याचे काम व्यासपीठावरील उपदेशकाकडे जाते. तो आपापल्या समजुतीप्रमाणे त्यात हवे ते भरतो.

चर्चची परंपरा : पहिल्या काही शतकांत आचार्यांचा रोख प्रामुख्याने मुलांच्या कामशोषणावर होता. इ. स. ३०५ च्या सुमारास स्पेनमधील एल्व्हिरा येथे भरलेल्या धर्मसभेने मुलांना भ्रष्ट करणाऱ्यांना मरणसमयीही ख्रिस्तप्रसाद नाकारला. संत जॉन क्रिसोस्टम (सु. ३४७–४०७) व संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी निषेधाची व्याप्ती वाढविली. रोमन सम्राट जस्टिनियन याने सहाव्या शतकात या कृत्यांना भूकंप, दुष्काळ आणि रोगराई यांचे कारण ठरवून कायदे केले. अकराव्या शतकात पीटर डेमियन या संन्यस्त सुधारकाने धर्मगुरूंमधील अशा संबंधांविरुद्ध ग्रंथ लिहून तो पोप नववा लिओ याला अर्पण केला. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने दोषी धर्मगुरूंना पदच्युत करण्याचा व गृहस्थांना बहिष्कृत करण्याचा नियम केला. या साऱ्याला तात्त्विक चौकट दिली ती टॉमस अक्वायनसने (१२२५–७४). संभोगाचा निसर्गसिद्ध हेतू प्रजोत्पादन. ज्या कृत्यात तो हेतू मुळातच अशक्य, ते निसर्गविरुद्ध, अशी ही मांडणी आहे. तिच्यात हस्तमैथुनही येते, हे सहसा विसरले जाते. ॲरिस्टॉटलचा निसर्गविचार आणि पौलाचा शब्दप्रयोग यांचे हे मिश्रण पुढील सहा शतके बायबलइतकेच प्रमाण मानले गेले.

गोवा व कोकण : संत फ्रान्सिस झेव्हियर याने १५४९ मध्ये जपानहून गोव्यातील आपल्या बंधूंना लिहिलेल्या दीर्घ पत्रात बौद्ध भिक्षूंच्या मठांतील मुलांशी चालणाऱ्या संबंधांची कडक निंदा आहे. पौर्वात्य धर्मांच्या टीकेत हा मुद्दा तेव्हापासून नेहमी येऊ लागला. पोर्तुगालमध्ये पुरुषमैथुनाला राजाच्या संहितेप्रमाणे जाळण्याची शिक्षा होती आणि सोळाव्या शतकाच्या मध्यास हा गुन्हा इन्क्विझिशनच्या अधिकारात देण्यात आला. कॅस्टीलच्या इन्क्विझिशनला हा अधिकार नव्हता, पोर्तुगालच्या न्यायासनाला होता. म्हणून १५६० मध्ये स्थापन झालेल्या गोव्याच्या न्यायासनालाही तो आपोआप प्राप्त झाला. १७७४ ते १७७८ हा खंड सोडता १८१२ पर्यंत ते टिकले. त्याची सत्ता गोव्यापुरती मर्यादित नव्हती. वसई, दमण आणि हल्लीच्या रायगड जिल्ह्यातील चौल ही उत्तरेकडील ठाणीही तिच्या कक्षेत होती. न्यायासन बंद झाल्यावर त्याचे बहुतेक दप्तर नष्ट झाले. जोआंव देल्गादो फिगैरा या अधिकाऱ्याने १६२३ मध्ये सिद्ध केलेली जुन्या खटल्यांची सूची लिस्बनला शिल्लक आहे. तीवरून येथील न्यायासनाचे खरे लक्ष नवख्रिस्त्यांच्या जुन्या हिंदू, मुसलमान व यहुदी आचारांवर होते आणि पुरुषमैथुनाचे खटले त्या मानाने थोडे होते, असे दिसते. अ. का. प्रियोळकर यांच्या गोव्याच्या इन्क्विझिशनवरील ग्रंथाचा (१९६१) भरही साहजिकच धर्मांतरितांच्या छळावर आहे. संख्येने थोडे असले, तरी या खटल्यांनी एक गोष्ट कोकण किनाऱ्यावर आणली. देशी समाजात जो विषय निंदेचा, थट्टेचा किंवा कानाडोळ्याचा होता, तो आता धर्मपीठापुढे कबुली देण्याचा अपराध झाला.

इंग्रजी कायदा : इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५३३ मध्ये कायदा करून हा अपराध चर्चच्या न्यायालयांकडून काढून राजाच्या न्यायालयांकडे दिला. सतराव्या शतकात एडवर्ड कुक या विधिज्ञाने त्याची व्याख्या करताना सृष्टिकर्त्याची आज्ञा व निसर्गाचा क्रम या दोहोंचा आधार घेतला. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये हिंदुस्थानासाठी दंडसंहितेचा जो मसुदा केला, त्यात या कलमांवर भाष्य करण्याचे टाळले. विषयाची चर्चाच समाजाला अपायकारक ठरेल, असे कारण दिले. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत अखेर कलम ३७७ आले, त्यात सृष्टिकर्ता गळाला आणि निसर्गाचा क्रम तेवढा उरला. शब्द लौकिक झाले, आशय धर्मशास्त्रीयच राहिला. याचा उत्तम दाखला १९२५ चा खानूविरुद्ध सरकार हा खटला होय. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तेथील न्यायालयाने नैसर्गिक संभोगाची कसोटी गर्भधारणेची शक्यता अशी ठरविली. न्यायाधीशांनी अक्वायनस वाचला होता की नाही, कोण जाणे. त्यांच्या निकालपत्रात तो पानोपानी बसला आहे. हिंदू, मुसलमान, पारशी अशा सर्व प्रजेला एका ख्रिस्ती मध्ययुगीन सिद्धांताच्या मापाने दीड शतक मोजण्यात आले आणि पुढे त्यालाच आपली सनातन संस्कृती समजण्यात आले, हा इतिहासातील एक विलक्षण प्रकार म्हणावा लागेल.

पुनर्विचार : विसाव्या शतकाच्या मध्यास पुनर्विचाराला तोंड फुटले, ते इंग्लंडच्या चर्चमध्ये. डेरिक शेर्विन बेली या अँग्लिकन धर्मशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये सदोमच्या कथेचा परंपरागत अर्थ प्रथमच सविस्तर तपासला. १९५७ च्या वुल्फेंडन अहवालाला व १९६७ च्या कायद्याला कँटरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅम्झी यांनी उमरावांच्या सभागृहात पाठिंबा दिला. पाप आणि गुन्हा एक नव्हेत, हा त्यांचा मुद्दा होता. जॉन बॉझवेलने १९८० मध्ये, आरंभीचे चर्च या बाबतीत बरेच सहिष्णू होते असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला; त्यातील अनेक निष्कर्ष पुढे ताणलेले ठरले, परंतु त्याने अभ्यासाला चालना दिली.

रोमन कॅथलिक चर्चने १९७५ च्या व १९८६ च्या पत्रकांत प्रवृत्ती आणि कृत्य यांत भेद केला. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने कृत्ये स्वभावतः अनुचित ठरविली; त्याचबरोबर व्यक्तींना आदराने वागवावे व त्यांच्याविरुद्ध अन्याय्य भेदभाव करू नये, अशी सूचना दिली. त्या परिच्छेदाला आधार म्हणून दिलेल्या वचनांत सदोमची कथा आहे. पुढे २०१९ मध्ये पोपच्याच बायबल आयोगाने मानवविषयक बायबलविचारावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात सदोमचे पाप परक्यांशी केलेली हिंसा व आतिथ्याचा भंग असल्याचे म्हटले आहे. शिकवण जागच्या जागी, तिचा एक खांब मात्र तिच्याच अभ्यासकांनी काढून घेतलेला, अशी ही अवस्था आहे. डिसेंबर २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांना उपासनाविधीबाहेर साधा आशीर्वाद देण्यास रोमने अनुमती दिली. विवाहाची व्याख्या बदलली नाही. अँग्लिकन संप्रदायात १९९८ च्या लँबेथ परिषदेने अशा संबंधांना शास्त्रविसंगत ठरविले, तरी अमेरिकन शाखेने २००३ मध्ये एका उघडपणे समलिंगी धर्मगुरूला बिशप केले आणि आफ्रिकेतील मोठ्या शाखांशी तिचे संबंध तुटेपर्यंत ताणले गेले.

अर्थनिर्णयाचा प्रश्न : वचनांचा शब्दार्थ कितीही बारकाईने लावला, तरी वाद संपत नाही; कारण तो अखेर वाचनाच्या तत्त्वाचा आहे. परंपरावादी पक्षाचा भर पाच-सहा निषेधांपेक्षा उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांवर आहे. देवाने नर व नारी निर्माण केली आणि येशूने विवाहाविषयी बोलताना त्याच वचनांचा आधार घेतला. म्हणून स्त्रीपुरुषांचे ऐक्य हे सृष्टीच्या रचनेतच आहे व निषेध त्याचे केवळ परिणाम आहेत. ही बाजू तिच्या टीकाकारांना वाटते त्याहून अधिक सुसंगत आहे. दुसरा पक्ष प्रेषितांच्या कृत्यांतील पंधराव्या अध्यायाकडे बोट दाखवितो. सुंता न झालेल्या विदेश्यांना चर्चमध्ये घ्यावे काय, या प्रश्नावर शास्त्राचा शब्द प्रतिकूल होता. परंतु त्यांच्यावर पवित्र आत्मा उतरल्याचे प्रेषितांनी पाहिले आणि मग शास्त्र पुन्हा वाचले. गुलामगिरीच्या बाबतीतही शब्द समर्थकांच्या बाजूने होता, तरी चर्चने अर्थ बदलला. यावर पहिल्या पक्षाचे म्हणणे असे, की गुलामांच्या मुक्तीची बीजे बायबलमध्येच आहेत, समलिंगी संबंधांच्या मान्यतेची नाहीत. अमेरिकन बायबल अभ्यासक रिचर्ड हेज (१९४८–२०२५) यांनी १९९६ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात हीच परंपरावादी बाजू समर्थपणे मांडली होती. २०२४ मध्ये आपल्या मुलासमवेत लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी ती सोडली. वचनांचा व्याकरणदृष्ट्या अर्थ बदलल्याचा त्यांचा दावा नव्हता. देवाच्या करुणेची व्याप्ती सतत वाढत जाते, ही संपूर्ण बायबलची दिशा त्यांनी निर्णायक मानली.

अर्थ कोणी लावावा, या प्रश्नाला मराठीत स्वतःचा इतिहास आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाईंचा सिस्टर जेराल्डीन व अन्य अँग्लिकन गुरुजनांशी झालेला पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. धर्मपीठाने सांगितले म्हणून एखादा सिद्धांत आपण मानणार नाही, शास्त्र वाचून आपल्या सदसद्विवेकाला पटेल तेच मानू, हा त्यांचा आग्रह त्यात जागोजाग दिसतो. समलैंगिकतेचा विषय त्या पत्रांत नाही आणि त्यांनी त्यावर काय म्हटले असते याचा तर्क करणे व्यर्थ होय. परंतु भाषांतरासाठी वृद्धापकाळापर्यंत हिब्रू-ग्रीक व्याकरणे घेऊन बसलेल्या या बाईंच्या मागे, शास्त्राचा अर्थ परक्या मठातून आयता घेणार नाही ही जिद्द होती. मराठी ख्रिस्ती विचाराने तो धागा या प्रश्नापुरता अद्याप फारसा उचललेला नाही. अनुकूल व प्रतिकूल दोन्ही प्रकारचे युक्तिवाद बहुधा इंग्रजीतून तयार येतात.

भारतातील अलीकडच्या घडामोडी : दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी सज्ञानांच्या परस्परसंमत खाजगी संबंधांपुरते कलम ३७७ रद्दबातल ठरविले. या निर्णयाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत मुस्लिम व हिंदू संघटनांबरोबर अपॉस्टॉलिक चर्चेस अलायन्स व उत्कल ख्रिश्चन कौन्सिल यांसारख्या ख्रिस्ती संस्थाही होत्या. ११ डिसेंबर २०१३ रोजी न्यायालयाने कलम पुन्हा जिवंत केले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस यांनी वेगळी भूमिका घेतली. चर्चचा समलिंगी विवाहाला विरोध आहे, परंतु समलिंगी व्यक्तींना चर्चने कधी गुन्हेगार मानले नाही, असे त्यांनी जाहीर केले आणि प्रवचनांत त्यांच्याविषयी जपून बोलावे, असेही सुचविले. मुंबई महाधर्मप्रांतात मुंबईखेरीज रायगड जिल्हाही येतो. त्यामुळे हा निर्देश महानगरातील सुशिक्षित वस्तीइतकाच पनवेल, कोन किंवा चौलच्या बाजूच्या लहान ख्रिस्ती वस्त्यांनाही लागू होता. जेथे सगळे सगळ्यांना ओळखतात, अशा ठिकाणी व्यासपीठावरून गेलेला शब्द घरापर्यंत पोहोचतो. समोरच्या बाकावर आईवडिलांच्या मध्ये बसलेला तरुण तो ऐकतो आणि कोणाशी बोलू शकत नाही. ज्यांनी धर्मसेवेत आयुष्य काढले आहे, त्यांना हे अनुभवाने ठाऊक असते.

प्रॉटेस्टंट चर्चांच्या बाबतीत नागपूरला महत्त्व आहे. उत्तर भारत चर्चची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी तेथेच झाली आणि भारतीय राष्ट्रीय चर्च परिषदेचे मुख्यालयही तेथेच आहे. या परिषदेने २००९ नंतर मानवी लैंगिकतेवर चर्चासत्रे भरविली, अभ्याससाहित्य सिद्ध केले आणि समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींचे म्हणणे धर्मसेवकांसमोर प्रत्यक्ष मांडू दिले. परिषदेचे विचार सदस्य चर्चांवर बंधनकारक नसतात. अनेक चर्चांनी त्यांकडे पाठ फिरविली. तृतीयपंथीयांच्या बाबतीत मात्र प्रतिकार तुलनेने सौम्य राहिला. यशया संदेष्ट्याने (५६·३–५) षंढांना देवाच्या मंदिरात दिलेले स्थान व प्रेषितांच्या कृत्यांतील (अध्याय ८) इथिओपियन अधिकाऱ्याचा बाप्तिस्मा ही वचने त्यांच्यासाठी सरळ उपयोगी पडली. देवळाच्या दारातून ज्याला नियमशास्त्र आत येऊ देत नव्हते, त्याला संदेष्टा आत बोलावितो. खुद्द जुन्या करारातच जुन्या नियमाचे असे पुनर्वाचन झालेले आहे.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी नवतेजसिंग जोहर खटल्यात २०१३ चा निर्णय फिरविला आणि सज्ञानांचे परस्परसंमत संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून कायमचे वगळले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ ला समांतर तरतूद नाही. समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्याची मागणी मात्र न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी फेटाळून तो विषय संसदेकडे सोपविला. ‘निसर्गाचा क्रम’ हे शब्द आता भारताच्या दंडसंहितेत नाहीत. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात ते आहेत, अकराव्यातही आहेत; आणि वर्षाच्या वाचनक्रमात ती दोन्ही पाने येतात.